पहिलं आरसी विमान किटमधून बांधायचं असेल तर हे बाल्सा लाकडाचं ट्रेनर (शिकायचं विमान) घ्या, पण आधी हे वाचून घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. ज्याला पहिलं रिमोटचं विमान स्वतःच्या हातानं बांधायचं आहे आणि जो आपल्यासारखा खेड्यात राहतो त्यानं हे लाकडी किट घ्यावं, माझं तरी पक्कं मत झालंय. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो लाकडासाठी नाही, सोबत जे कागद दिलेत त्यांच्यासाठी, ते खाली सांगतोच.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. इकडे हॉबीचं दुकान वगैरे काही प्रकार नाही. यूट्यूबवर सगळे सांगतात की पहिलं विमान तयार फोमचं घ्या, चार स्क्रू लावा आणि उडवा. शहरात ते ठीक असेल. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, फोमच्या विमानात जिथं जिथं हॉट ग्लू लावलेला असते तो उन्हात नरम पडते आणि मग कंट्रोल हॉर्न (शेपटीच्या हलत्या भागांवरचे तार अडकवायचे छोटे कान), मोटर माउंट हळूहळू जागा सोडतात. आणि पडलं, नाक चेपलं, तर नवीन बॉडी मागवा आणि वाट पाहत बसा. लाकडाचं तसं नाही ना भाऊ. जिथं तुटलं तिथं जोडता येते, फेविकॉल आमच्या गावातल्या हार्डवेअरमधी पण मिळते, आणि बाल्सा इतकं नरम लाकूड आहे की नीट चिकटवलेला जोड बाजूच्या लाकडापेक्षा पक्का होऊन जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपण स्वतः बांधलं असलं की आतली प्रत्येक पट्टी ओळखीची असते, काय तुटलं अन् काहून तुटलं हे हातात घेतल्याबरोबर समजते. तयार विमान घेणाऱ्याले हे कधीच भेटत नाही.

किटमधी काय येते ते ऐका. बाल्साच्या लेझर कट शीट, पंखाच्या फासळ्या 3 एमएमच्या, लांब स्पारच्या, म्हणजे पंखाच्या कण्याच्या, 6 एमएमच्या चौकोनी काड्या, नाकाजवळचे फॉर्मर (बॉडीच्या आतले आडवे साचे) आणि मोटर बसते ती फायरवॉल प्लायवूडची, लँडिंग गिअरची वाकवलेली पोलादी तार, छोटी चाकं, सर्वोपासून शेपटीपर्यंत जाणारी पुशरॉडची तार, प्लास्टिकचे हॉर्न आणि एक मोठा फुल साइज प्लान, म्हणजे विमानाच्या मापाचा नकाशा. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 1200 एमएम, रुंदी 200. पंख बॉडीच्या वर बसतो, दोन्ही बाजू थोड्या वर उचललेल्या, त्यामुळे विमान एका बाजूला कललं आणि तुम्ही स्टिक सोडून दिली तर ते आपोआप सरळ व्हायला पाहते. शिकणाऱ्याला हेच पाहिजे. तीन चॅनल, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (डावं-उजवं). एलेरॉन, म्हणजे पंखावरचे हलणारे पट्टे, नाहीत आणि पहिल्या विमानाला ते नसलेलेच बरे.

आता काय येत नाही ते पण ऐका, कारण जाहिरातीत हे बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. मोटर नाही, तिचा वेग सांभाळणारा ईएससी नाही, रडर-एलिव्हेटर हलवणारे सर्वो नाहीत, बॅटरी, चार्जर, रिमोट काहीच नाही. गोंद नाही. वरून इस्त्रीनं चिकटवायची प्लास्टिकची फिल्म पण नाही. म्हणजे किटची किंमत पाहून खूश होऊ नका, बाकीचं सामान किटपेक्षा जास्त पैसे खाते. मी 2212 साइजची 1000 केव्हीची ब्रशलेस मोटर घेतली, म्हणजे दर व्होल्टला हजार आरपीएम, 11.1 व्होल्टच्या 3 सेल बॅटरीवर पंखा न लावता अकरा हजाराच्या आसपास फिरते. सोबत 30 अँपिअरचा ईएससी, 10 बाय 4.5 इंची प्रोपेलर म्हणजे पुढचा पंखा, 9 ग्रॅमचे दोन सर्वो, 2200 एमएएचची लायपो बॅटरी. रिमोट फ्लायस्कायचा एफएस-आय6, तो पेन्सिल सेलवर चालतो, चार सेल कुठल्याही पानठेल्यावर भेटतात. रिमोटले साडेचार-पाच हजार धरा आणि त्यात काटकसर करू नका, कारण विमान बदलत जाते, रिमोट तोच राहते.

सर्व मिळून उडायला तयार वजन 900 ग्रॅमच्या आसपास भरलं, आमच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मोजलं. एवढ्या वजनाला ही मोटर मस्त पुरते, अर्ध्याच्या थोड्या वर थ्रॉटलवर आरामात उडत राहते.

लाकडाची क्वालिटी खरंच चांगली आहे. आमच्या गावच्या सुतारदादाच्या हातात एक शीट दिली, त्यानं ती दोन बोटांवर तोलून पाह्यली आन म्हणे, "हे लाकूड हाय का थर्माकोल हाय बाप्पा?" जगातलं बहुतेक बाल्सा दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमधून येते, आणि आपल्या धुऱ्यावर फाल्गुनात लाल फुलणारी काटेसावर आहे ना, ती आणि बाल्सा एकाच कुळातली झाडं. दादाला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला की सावरीचं लाकूड पण असंच हलकं, माचिसच्या काड्यांना जाते. लेझर कटिंग एकदम बरोबर, स्पार फासळीच्या खाचेत न ठोकता बसते आणि ढिला पण पडत नाही. फक्त एक करा, तुकडे शीटमधून ओढून काढू नका, जे बारीक टाके ठेवलेत ते ब्लेडनं कापा. आणि लेझरनं कडा जळून काळ्या झालेल्या असतात, त्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, त्या जळक्या थरावर फेविकॉल नीट धरत नाही.

आता तो कापलेला स्टार. इन्स्ट्रक्शनची पुस्तिका म्हणजे चार पानं, काळे-पांढरे धुरकट फोटो, आणि इंग्रजी असं की वाचणाऱ्यानं आधी अर्थ लावावा. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमानाचा तोल, कुठं पाहिजे हे प्लानवर कुठंच दाखवलेलं नाही. पहिलं विमान बांधणाऱ्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची खूण आहे आणि तीच नाही, हे मला अजिबात पटलं नाही. असल्या साध्या ट्रेनरला पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर तोल यायला पाहिजे, म्हणजे ह्या पंखाला 50 ते 60 एमएम. दोन्ही बाजूला पंखाखाली पेनानं खूण करा, बॅटरी लावून, सगळं बसवून, त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचला. नाक जरासं खाली झुकलं तर चालते. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तोपर्यंत उडवायचं नावच घेऊ नका, शेपूट जड असलेलं विमान नवशिक्याच्या हातात सांभाळल्या जात नाही.

दुसरं म्हणजे प्लानची छपाई. पहिल्यांदा त्यावर मोजायचा टेप लावून पाहा. माझ्या प्लानवर अर्धा पंख जवळजवळ अर्धा सेंटीमीटर आखूड छापलेला निघाला. लाकूड बरोबर होतं, कागद चूक होता. म्हणून फासळ्या कागदावरच्या रेघेवर नका ठेवू, स्पारच्या आणि मागच्या कडेच्या पट्टीला ज्या खाचा पाडून दिल्यात त्याप्रमाणे ठेवा. विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर त्यानं मान्य केलं आणि एक फासळी डब्यातच मोडलेली आली होती ती नवीन पोस्टानं पाठवली, पैसे न घेता. एवढी सर्व्हिस कोण देते आजकाल, ह्याबद्दल त्याचं मनापासून कौतुक.

तिसरी तक्रार मोटरच्या अँगलची. असल्या विमानात मोटर दोन-तीन डिग्री खाली आणि तेवढीच उजवीकडे पाहणारी असावी लागते, नाही तर थ्रॉटल वाढवला की नाक वर उठते आणि विमान डावीकडे ओढते. किटची फायरवॉल एकदम सरळ कापलेली आहे आणि पुस्तिकेत ह्याबद्दल चकार शब्द नाही. उपाय सोपा आहे, मोटर माउंट आणि फायरवॉलच्या मधात वरच्या दोन स्क्रूंना एकेक वॉशर टाका म्हणजे मोटर खाली पाहते, आणि मागून पाहिलं तर डाव्या बाजूच्या स्क्रूंना आणखी एक, म्हणजे ती उजवीकडे वळते.

पुशरॉडची तार पण नरम दिलीय, हातानं सहज वाकते, उडताना एलिव्हेटरवर जोर आला की ती मधात फुगते आणि शेपटीपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. तिच्या जागी सायकलचे स्पोक वापरा. खरंच सांगतो, गावातल्या सायकल दुकानातून आणलेला 2 एमएमचा स्पोक ह्या कामाला एक नंबर आहे, एका टोकाला आटे असतात त्यामुळे लांबी पण बारीक कमी-जास्त करता येते. एक स्पोक पुरत नाही, मधात बाल्साची चौकोनी काडी घ्यायची, दोन्ही टोकांना एकेक स्पोक दोऱ्यानं घट्ट गुंडाळायचा आणि वरून अ‍ॅराल्डाइट फिरवायचं. आमच्या दुकानवाल्या काकाजींनी तर काय बनवून राहिलो ते ऐकून स्पोकचे पैसेच घेतले नाहीत, म्हणे "उडालं की दाखवजो."

बांधताना सगळ्यात जास्त वेळ कुठं द्यायचा असेल तर तो पंखाला. खाली एकदम सपाट फळी पाहिजे, वर सॉफ्ट बोर्ड म्हणजे टाचण्या रुततात, त्यावर प्लान, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही. मोठ्या जोडांना फेविकॉलच लावा आणि रात्रभर टाचण्यांत सोडा. फेविक्विक बारीक जागी ठीक आहे पण ते हवेतल्या ओलाव्यानं धरते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते जरा उशिरा धरते, तेवढ्यात हात हलला की फासळी वाकडी. फायरवॉल आणि लँडिंग गिअरला मात्र अ‍ॅराल्डाइटच, तिथं दुसरं काही नको, मोटरचे सगळे हादरे तिथंच बसतात. दोन्ही पंख जोडायच्या जागी प्लायवूडची पट्टी येते ती पण अ‍ॅराल्डाइटनंच.

पंख वाळला की मागून एक डोळा बंद करून पाहायचं, दोन्ही बाजूंची मागची कड सारखी दिसली पाहिजे. एक बाजू पिळलेली असली तर विमान आयुष्यभर एकीकडेच जाते. पावसाळ्यात बाल्सा दमटपणा ओढून घेते म्हणून हे काम मी म्हणतो दिवाळीनंतर काढा, सोयाबीन निघून गेलेलं असते, हातात वेळ पण असते.

फिल्म लावायला वेगळी इस्त्री घ्यायची गरज नाही. घरचीच इस्त्री, त्यावर जुना सुती मोजा चढवला की झालं, म्हणजे फिल्मला ओरखडे पडत नाहीत. आधी कमी गरमवर कडा चिकटवा, मग थोडी गरम करून मधात फिरवा, सुरकुत्या डोळ्यासमोर ओढल्या जातात आणि पंख ढोलासारखा ताणून बसते. वरची बाजू आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची ठेवा, हे फक्त दिसायला नाही, लांब गेल्यावर विमानाची वरची बाजू दिसते का खालची, म्हणजे ते कुठं कललंय, हे त्यावरूनच समजते. मी वर भगवा आणि खाली काळा ठेवला, आपल्या फिकट आभाळात काळा लांबून उठून दिसते.

रडरचा सर्वो रिसीव्हरच्या (विमानात बसणारा, रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) पहिल्या चॅनलला जोडा. मोड 2 च्या रिमोटमधी त्यामुळे वळवणं आणि वर-खाली दोन्ही उजव्या हातात येते, डाव्या हातात फक्त थ्रॉटल. उद्या एलेरॉनचं विमान घेतलं तरी हाताची सवय तीच राहते. आणि फेलसेफमधी थ्रॉटल शून्यावर सेट करून ठेवा, सिग्नल तुटला तर मोटर बंदच झाली पाहिजे. प्रोपेलर काढून, रिमोट बंद करून, हे घरीच तपासा.

उडवायच्या आधी मोबाइलवर पिकासिम नावाचं सिम्युलेटर फुकट भेटते, ते भरपूर खेळा. विमान आपल्याकडे येते तेव्हा डावं-उजवं उलटं होते, तिथंच सगळे नवीन लोक गोंधळतात. युक्ती अशी की जो पंख खाली गेलेला दिसते त्या पंखाकडेच स्टिक ढकलायची, जणू त्याला खालून टेकू देऊन राहिलो. माझा पुतण्या नववीत आहे, त्याच्या बोटांत हे मोबाइलवर इतकं पक्कं बसलं की खऱ्या विमानावर त्याचा हात कुठंच अडला नाही.

जागेचं म्हणाल तर हेच आपलं सुख आहे, शहरातले लोक ग्राउंड शोधत फिरतात आणि आपल्याकडे ई-क्लासची, म्हणजे गावची सरकारी चराईची, जमीन पडलेली आहे. वावरात उडवायचं असेल तर पऱ्हाट्या उपटून झाल्यावर, पण किटची चाकं आपल्या काळ्या मातीसाठी नाहीत, भेगांत अडकून विमान नाकावर पडते. म्हणून मी लँडिंग गिअर काढून ठेवला आणि हातानं सोडतो. फेकणारा दुसरा माणूस असावा, वाऱ्याच्या तोंडावर, विमान सरळ पातळीत धरून थोडं धावत सोडायचं, आभाळाकडे तोंड करून नाही. 11 केव्हीच्या विजेच्या तारांपासून लांब. उतरवायचं ते मऊ गवतात.

टाइम सकाळचा, ऊन चढायच्या आत. नऊ-साडेनऊ झाले की काळी जमीन तापते, गरम हवा वर उठते आणि एवढं हलकं विमान ती कुठं नेऊन टाकेल भरवसा नाही. आमचं असंच उतरताना वावटळीत सापडलं आणि डावा पंख बाभळीला जाऊन लागला. बाहेरच्या दोन फासळ्या मोडल्या, पुढची कड तडकली. घरी येऊन फिल्म ब्लेडनं चौकोनी कापली, फासळीचे तुकडे फेविकॉल लावून जुळवले, बाजूनं उरलेल्या शीटमधली पातळ पट्टी चिकटवली, कडेला तिरकस काप देऊन नवीन तुकडा घातला, वाळल्यावर घासून फिल्मचं ठिगळ इस्त्रीनं बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवेत. ह्यासाठीच मी लाकडाचं किट घ्या म्हणतो.

बॅटरीबद्दल दोन गोष्टी काळजीनं सांगतो कारण ही वस्तू आग लावू शकते. फुल चार्जला सेल 4.2 व्होल्ट, उडवताना 3.5 च्या खाली नेऊ नका, दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर 3.8 वर ठेवा. व्होल्टेज उतरलं की वाजणारा पन्नास-शंभर रुपयाचा बझर मिळते तो बॅटरीच्या बॅलन्स लीडला (बारीक तारांचा छोटा कनेक्टर) लावून ठेवा, आणि मोबाइलवर 8 मिनिटांचा टायमर लावा. चार्जिंग मातीच्या गाडग्यात ठेवून करायची, खाली रेती, आणि समोर बसून, रात्री लावून झोपायचं नाही. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत बॅटरी कधीच सोडू नका. लाइन गेली तर अडत नाही, बी6 टाइपचा बॅलन्स चार्जर 12 व्होल्टवर पण चालते, आम्ही सरळ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावतो, 2200 च्या बॅटरीला 2.2 अँपिअर सेट करून.

डिलिव्हरीचं खेड्यातल्या लोकांनी आधीच विचारून घ्या. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याच्या ऑफिसात पार्सल पडून राहते आणि फोन पण करत नाहीत, माझा डबा तिथं नुसता एका कोपऱ्यात उभा केलेला होता. पोस्टानं मागवलेलं मात्र घरी आलं. लायपो विमानानं पाठवत नाहीत, रोडनं येते, त्यामुळे ती किटच्या मागून येईल असंच धरून चाला.

आणि हो, नियम. 2021 च्या ड्रोन नियमांत असली विमानं पण येतात. 2 किलोपर्यंत हौस म्हणून उडवायला पायलट लायसन लागत नाही, पण सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमधी आहे का पाहून घ्या, तिथं 400 फुटांपर्यंत चालते. विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूटच, आणि त्याच्या आतमधी परवानगीशिवाय नाही. गावात पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधी दाखवून ठेवा, आजकाल आभाळात काही दिसलं की लोक ड्रोन ड्रोन करून घाबरतात. आमचे पाटील तर आता सकाळी स्वतःच येऊन बांधावर उभे राहतात.

घेणाऱ्यांनी एक काम चिकटवायला सुरुवात करायच्या आधीच करा, प्रत्येक फासळी आणि फॉर्मर जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलनं गिरवून ठेवा, नंबर टाकून. एकदा पंख जोडला की तो आकार परत हाती लागत नाही. आणि विकणाऱ्याला फक्त पंखाचं किट वेगळं देता का विचारा, मला देतो म्हणाला, किंमत पूर्ण किटच्या निम्म्याहून कमी सांगितली.